उशिराची फी

“आधी तुझी फी सांग. मग नोटीस दाखवते,” म्हातारी म्हणाली आणि मांडीवरच्या कापडी पिशवीचं तोंड तिने मुठीत आवळून धरलं.

पावतीबाईंनी टाइपरायटरवरून मान वर केली. विवरणपत्रांचा हंगाम होता. बाहेरच्या बाकावर एक शिंपी, दातांचा डॉक्टर आणि दोन शाळामास्तर आपापली कागदांची भेंडोळी सांभाळत बसले होते, आणि ही बाई त्या सगळ्यांना ओलांडून सरळ आत आली होती. रांग मोडणारं माणूस पावतीबाईंना मुळीच खपत नसे. त्या काही बोलणार, एवढ्यात म्हातारीच टेबलावर वाकून त्यांच्याकडे निरखून पाहू लागली.

“अशी काय बघतेस? ओळखलं नाहीस का, चिमणीची आई?”

चिमणीची आई! आयकराच्या कामामुळे अर्धं गाव त्यांना ओळखत होतं, पण या नावाने हाक मारणारं एकच घर होतं.

“मावशी?”

“मग कोण? केस गेले, दात गेले. आवाज तर तोच आहे ना? अख्खी गल्ली ओळखते तो आवाज. तू कामात असलीस की तुला कान नसतात, हे मात्र खरं. तेव्हाही नव्हते.”

पावतीबाई खुर्चीतून उठल्या, मग काय करावं ते न सुचून पुन्हा बसल्या. बाहेर दातांच्या डॉक्टरने घसा खाकरला.

मावशींचं पाळणाघर त्यांच्या ऑफिसापासून दोन गल्ल्या मागे होतं. तळमजल्याच्या दोन खोल्या, पुढे चिंचोळा ओटा, भिंतीला लागून एक बुटकं बाक आणि दारावर एक दिवा. नवरा गेला तेव्हा चिमणी नुकती बोलायला लागली होती. पावतीबाई, अर्थात तेव्हा त्यांना पावतीबाई कोणी म्हणत नसे, एका करसल्लागाराकडे कारकुनी करत होत्या आणि जमेल तसा परीक्षांचा अभ्यास करत होत्या. सकाळी मुलीला मावशींच्या कडेवर द्यायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत न्यायचं, असा करार होता. सहाच्या आत हे फक्त बोलण्यापुरतं. हंगामात साहेब सोडत नसत, आणि सोडलं तरी हातातला कागद सुटत नसे.

पाळणाघराच्या दाराजवळ मावशींनी रंगवून घेतलेली एक पाटी होती: ‘सहानंतर उशिराची फी पडेल.’

पुढे परीक्षा झाल्या, साहेब थकले, आणि ऑफिस या बाईंकडे आलं. ‘पावतीबाई’ हे नाव त्यानंतर पडलं. त्या कुणाकडून फुकट काही घेत नसत आणि घेतलेल्या प्रत्येक गोष्टीची पावती देत. एकदा एका माळ्याने खुशीने गुलाबाचं रोप आणून दिलं, तर बाईंनी त्याची किंमत विचारून तेवढी रक्कम त्याच्या फीमधून वजा केली आणि वर तसं लिहून दिलं. माळी ते सगळ्यांना हसून सांगत सुटला. बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

“द्या ती नोटीस,” त्या म्हणाल्या. “फीचं नंतर बघू.”

“नंतर नाही. मी फुकटचं घेत नाही.”

“मीही फुकट काम करत नाही, मावशी. काळजी करू नका.”

हे ऐकल्यावर मावशींची मूठ सैल झाली.

नोटीस साधी होती. आयकर खात्याला बँकेकडून कळलं होतं की, या बाईंच्या खात्यात गेली काही वर्षं दर महिन्याला निरनिराळ्या लोकांचे चेक जमा होतात. हे उत्पन्न कसलं, आणि त्याचं विवरणपत्र का भरलं नाही, याचा खुलासा समक्ष येऊन करावा.

“कोणाचे चेक आहेत हे?”

“पोरांचे. माझ्या.” मावशींना स्वतःचं मूल नव्हतं, पण हा शब्द त्यांनी बिनदिक्कत वापरला. “भोपळ्या पाठवतो, रडूबाई पाठवते, ते जुळे पाठवतात. रडूबाई आता कोर्टात सरकारी वकील आहे, माहितेय? आता दुसऱ्यांना रडवते.”

“पण कशाबद्दल पाठवतात?”

“उशिराची फी,” मावशी इतक्या सहज म्हणाल्या, की जणू वाण्याचं बिल सांगताहेत. “त्यांच्या आया उशिरा यायच्या, ती तेव्हाची राहिली होती. आता कमावती झालीत, तर फेडताहेत. चेकसोबत चिठ्ठी असते, त्यावर लिहिलेलं असतं.” आणि मग डोळे बारीक करून म्हणाल्या, “तुझी चिमणीही पाठवते. तुला नाही सांगितलं? तिची रक्कम सगळ्यात मोठी. म्हणाली, माझ्या आईलाच सगळ्यात जास्त उशीर व्हायचा.”

पावतीबाईंनी नोटीस नीट घडी घालून फाइलमध्ये ठेवली. ती घडी आधीच नीट होती.

•

त्या दिवशी बाहेरच्या सगळ्यांची कामं उरकून झाल्यावर त्या एकट्याच टेबलाशी बसून राहिल्या.

उशिराची फी मावशींनी कधी कुणाकडून घेतलीच नव्हती. हे पावतीबाईंइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? त्या धावत गल्लीच्या कोपऱ्यावर यायच्या, तिथून पाळणाघराच्या दारावरचा दिवा दिसायचा. सहा वाजले आणि एखादं मूल राहिलेलं असलं की मावशी तो दिवा लावत. दिवा दिसला की कळे: आहे, आत आहे, खाऊनपिऊन आहे. दारात पोचल्यावर मावशी एक शब्द न बोलता पाटीकडे बोट दाखवत. पावतीबाई पर्स उघडायला लागल्या की म्हणत, “आता त्यात शोधत बसू नकोस, आणखी उशीर होईल.” आणि झोपाळलेली चिमणी खांद्यावर देत.

म्हणजे राहिलेली फी वगैरे काही नव्हतं. पोरांनी हा बनाव रचलेला होता, आणि त्याला नाव दिलं होतं फी. नेमकं तेच नाव आता मावशींच्या मुळावर आलं होतं.

थोरले साहेब, ज्यांच्या हाताखाली त्या हे काम शिकल्या, ते म्हणायचे, “कागदावरचं नाव म्हणजे नुसती टोपी. कर टोपीवर बसत नाही. टोपी उचलायची आणि खाली डोकं कुणाचं आहे ते बघायचं.” आणि मग बोटं दुमडत विचारायचे: घेणाऱ्याने काही काम केलं म्हणून दिलं का? देणारा द्यायला बांधलेला होता का? नसतं दिलं, तर घेणाऱ्याला हक्काने मागता आलं असतं का? “सगळ्याला ‘नाही’ उत्तर आलं, तर ती माया. आपल्या कायद्यात मायेला उत्पन्न म्हणत नाहीत.” तेव्हाचा कायदा तसाच होता.

इथे सगळ्याला ‘नाही’च येत होतं. कागदोपत्री काम सोपं होतं. देणाऱ्यांकडून लिहून घ्यायचं, की हे आम्ही आपुलकीने देतो, कसलं देणं नव्हतं. विवरणपत्रात ते करमुक्त म्हणून दाखवायचं. खाली मावशींची सही: वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

ती सही कशी घ्यायची? मावशींना सांगावं लागणार, की फी नव्हतीच. हे तुम्हाला असंच देतात. आणि मावशी असंच काही घेत नाहीत. पाळणाघर बंद केलं तेव्हा पोरांनी जमवून दिलेलं पाकीट त्यांनी दारातून परत केल्याचं गावभर झालं होतं. हे कळलं तर त्या उरलेली सगळी रक्कम परत करतील आणि पुढचे चेक फाडून टाकतील. त्यांचे गुडघे गेलेले. सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊन त्यांचं सगळं करायची, तिचा पगार याच पैशांतून जात होता. ती गेली, तर मावशींना पुतण्याकडे जाऊन राहावं लागणार, त्याच्या बैठकीच्या खोलीत, कपाटामागच्या कॉटवर.

आणि खरं सांगितलं नाही, चेकवरची टोपी तशीच राहू दिली, तर ती पाळणाघराची कमाई ठरणार. मागच्या सगळ्या वर्षांचा कर, त्यावर व्याज, वर दंड. त्यातही बाई जाणार आणि कॉट येणार.

खोट्या कागदावर सही घेणं हा तिसरा रस्ता पावतीबाईंच्या डोक्यात आला नाही. तो कधीच येत नसे.

•

रविवारी चिमणी आली. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती, स्वतःची एक मुलगी होती, पण आईच्या घरी आली की पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चढून बसायची.

“उतर खाली. आणि मला हे सांग, हा काय उद्योग आहे तुम्हा लोकांचा?”

“कसला उद्योग?”

“उशिराची फी.”

चिमणी आधी हसली, मग आईचा चेहरा बघून ताठ बसली. “कळलं का तिला?”

“तिला नाही. इन्कमटॅक्सला कळलं.”

“अगं बाई!”

मग तिने सगळं सांगितलं. ही अक्कल भोपळ्याची. जुळ्यांपैकी एकाच्या लग्नात सगळे भेटले, मावशीचे गुडघे गेल्याचं निघालं, पाकीट परत आल्याचंही निघालं. भोपळ्या म्हणाला, ती दान घेणार नाही, पण हक्काचं सोडणार नाही. पाटी आठवतेय ना? मग तो स्वतः जाऊन तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला, की मावशी, आई गेली, पण जाताना सांगून गेली की तुमची उशिराची फी राहिलीये.

“भोपळ्याची आई तर ठणठणीत आहे! परवाच भाजी घेताना भेटली मला.”

“हो ना! तेच आम्ही त्याला म्हटलं. पुढे ती देवळाबिवळात भेटली असती तर? पण मावशीने काही विचारलं नाही. म्हणाली, ‘बरं, ठेव तिथे.’ मग आम्ही सगळ्यांनीच सुरू केलं.” चिमणी ओट्यावरून उतरली. “आई, तिला सांगू नकोस हं. तिचा स्वाभिमान दुखावेल. तू काहीतरी कर ना कायद्यात बसवून. तुला येतं.”

“कायदा म्हणजे काय तुझी लहानपणची सँडल आहे, पाय कोंबून बसवायला?”

“माझी सँडल तू नाही, मावशी बसवायची,” चिमणी म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती, तिला नुसतं आठवलं होतं. पावतीबाईंनी चहाचं आधण उगाचच ढवळलं.

“एक विचारू?” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. “तू सगळ्यात शेवटी राहायचीस. वाईट वाटायचं का तुला?”

चिमणीने विचार केला. “गंमत सांगू? तुला उशीर व्हायचा हे मला मोठेपणी कळलं. मला वाटायचं, बाकीच्यांना लवकर नेतात. सगळे गेले की मावशी दिवा लावायची आणि मग आम्ही दोघी खोटा खोटा चहा करायचो. ती माझी खास वेळ होती. बिचाऱ्या बाकीच्यांना ती मिळालीच नाही.”

पावतीबाईंनी तिच्यासमोर कोरा कागद आणि पेन ठेवलं. “हेच लिही. चहाचं नको. आपुलकीने देते, देणं नव्हतं, असं लिही आणि खाली सही कर. बाकीच्यांकडूनही आण.”

“आणि मावशीचं?”

“तिला न नेता मी एकटी जाऊन बघते.”

•

पण मावशी ऐकतात होय! “नाव माझं आहे ना त्यावर? मग तू एकटी कशी जातेस?” असं म्हणून त्या ठरलेल्या दिवशी काठी टेकत, धुतलेला स्वेटर घालून आयकर ऑफिसच्या पायऱ्यांशी हजर. वर जाताना प्रत्येक पायरीवर पावतीबाईंना वाटत होतं की आता सांगावं, आणि प्रत्येक पायरीवर मावशी काहीतरी वेगळंच बोलत होत्या: जिना किती घाण ठेवलाय, कठडा कसा डगमगतोय, मुलं आली तर पडतील.

अधिकारी तरुण होता. त्याला जबरदस्त सर्दी झाली होती आणि टेबलावर रुमालांचा ढीग होता.

“वाफ घे,” मावशी बसता बसता म्हणाल्या.

“अं? हो, घेतो.” त्याने नोटिशीची प्रत काढली. “बाई, हे चेक. सोबत जोडलेल्या चिठ्ठ्यांवर ‘उशिराची फी’ असं लिहिलंय. म्हणजे तुमच्या पाळणाघराची फी. बरोबर?”

“साहेब,” पावतीबाई घाईने म्हणाल्या, “नावावर जाऊ नका. देणाऱ्यांची निवेदनं सोबत जोडली आहेत. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, त्यातली एक सही माझ्या मुलीची आहे. ती यांच्याच पाळणाघरात होती.”

अधिकाऱ्याने नाक पुसलं आणि त्यांच्याकडे नव्याने पाहिलं. “मग तुम्ही नुसत्या सल्लागार नाही, साक्षीदारही झालात. मला सांगा, सहानंतर अशी फी खरंच होती?”

“पाटी होती.”

“तुम्ही कधी भरलीत?”

“नाही.”

“उशीर व्हायचा नाही म्हणून?”

“व्हायचा.”

“मग? यांनी मागितली नाही?”

“नाही मागितली.”

“आणि तुम्ही स्वतःहूनही कधी दिली नाहीत?”

साधा प्रश्न होता. कामाचाच होता. पण फुलझाडाच्या रोपाचीही पावती देणाऱ्या पावतीबाईंनी समोरची फाइल उगाचच सरळ केली. किती संध्याकाळी, किती दूध, किती वेळा बदललेले कपडे, एकदा चिमणीला ताप आला तेव्हा ऑफिसात निरोप न पाठवता नुसतं उशाशी बसून राहणं. यातलं काहीही त्यांच्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

“तिला काय विचारतोस?” मावशी म्हणाल्या. “पाटी माझी, मला विचार.”

“बरं, तुम्ही सांगा. पाटी लावलीत, मग फी का नाही घेतली?”

“घेतली असती तर त्यांना वाटलं असतं, फिटलं. मग पैसे टाकून निवांत आल्या असत्या. मला त्या धावतच यायला हव्या होत्या. पोरांना धापा टाकत येणारी आई आवडते. तिच्याकडे बघूनच कळतं, की हिला माझ्याकडे यायचं होतं.” मावशींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “आणि ही तर काय पळायची! एकदा एकाच पायात चप्पल होती. हिला कळलंच नव्हतं. तिच्याकडून कसली फी घेतोस?”

अधिकारी हसू दाबायला गेला आणि शिंकला. “म्हणजे राहिलेली फी वगैरे काही नव्हती. मग मुलं आता ही फी म्हणून पाठवतात, ती कसली?”

आता आलं, असं पावतीबाईंना वाटलं. त्यांनी टेबलाची कड धरली.

“नाटक करतात रे,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “मी नको म्हणेन म्हणून. भोपळ्या येऊन सांगतो, आई गेली म्हणून. एवढा मोठा इंजिनिअर झाला, पण खोटं बोलताना कान अजून लाल होतात त्याचे. आणि त्याची आई दर आठवड्याला माझ्याकडे सुई-दोरा घेऊन गप्पा मारायला येते.”

“मग तुम्ही घेतलेत कशाला?”

मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तोही बुटक्या बाकावरचाच एक होता.

“तुला मुलं आहेत?”

“एक आहे. तीन वर्षांची.”

“ती रिकाम्या कपात तुला चहा आणून देते की नाही?”

“देते.”

“मग तू काय म्हणतोस? यात चहा नाही, असं म्हणतोस? पितोसच ना भुरके मारून? ‘वा, साखर अगदी बेताची झालीये’ म्हणतोस ना?” मावशी मागे टेकल्या. “तसंच घेतलं. आधी ते पाकीट आणलं होतं ना, ते मी परत केलं. भारी चेहरे पडले होते सगळ्यांचे. माझ्या मनाला लागून राहिलं ते. मग पुढे हा खोटा कप घेऊन आले, तेव्हा म्हटलं, आता पिऊन टाकावा.”

अधिकाऱ्याने निवेदनं पुन्हा एकदा चाळली आणि कागदावर सावकाश काहीतरी लिहिलं. मग तो पावतीबाईंना म्हणाला, “मोबदला नाही, बंधन नाही, हक्क नाही. करमुक्त दाखवा. बँकेच्या ठेवीवरचं व्याज मात्र उत्पन्न आहे, ते यायला हवं. विवरणपत्र भरून आणा, मी प्रकरण बंद करतो.” आणि मग मावशींकडे वळून, जरा संकोचून, “वाफ कशाची घेऊ?”

“साध्या पाण्याची. डोक्यावरून टॉवेल घे. आणि पोरीला जवळ येऊ देऊ नकोस तेवढा वेळ.”

जिना उतरताना पावतीबाईंनी मावशींचा हात धरला. आजवर त्या दोघींमध्ये चिमणी असायची, या कडेवरून त्या कडेवर जाणारी. मावशींचा हात असा त्यांनी कधी धरलाच नव्हता. हात हलका होता आणि उबदार होता.

“चिमणीची आई,” मधल्या पायरीवर थांबून मावशी दम घेत म्हणाल्या, “पोरांना सांगू नकोस हं, मला माहीत आहे ते. हिरमुसतील बिचारी.”

पावतीबाईंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. एक बाजू म्हणे तिला सांगू नकोस, दुसरी म्हणे त्यांना सांगू नकोस. आणि मधे आपण, सगळ्या गावाच्या कागदांचा खुलासा करणाऱ्या.

“नाही सांगत,” त्या म्हणाल्या.

•

विवरणपत्र सहीसाठी त्या स्वतःच मावशींच्या घरी घेऊन गेल्या. एरवी लोकांना त्या ऑफिसातच बोलावत.

खोल्या तशाच होत्या, फक्त जास्त रिकाम्या. झुला काढून ठेवलेला होता, त्याच्या कड्या छताला तशाच होत्या. पाटीवरचा रंग उडून ‘सहानंतर’ एवढंच उरलं होतं. पावतीबाईंनी एकेक रकाना वाचून दाखवला. मुलांकडून आपुलकीने मिळालेली रक्कम: करपात्र नाही. ठेवीवरचं व्याज: करपात्र. त्यावर निघालेला कर अगदी किरकोळ होता.

“म्हणजे मला कर पडला?” मावशींनी विचारलं.

“थोडासाच.”

“थोडा का असेना, पडला ना! इतकी वर्षं सरकारला माझा पत्ताच नव्हता. पाळणाघर म्हणजे काय कुणाला काम वाटतं?” त्यांनी चष्मा लावला, आणि फार सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. मग कागद हातभर लांब धरून सहीकडे बघत राहिल्या. “चांगली आली. हिची नक्कल मला हवी. पुतण्याला दाखवते.”

“देते.”

“आणि आता तुझी फी.”

पिशवीतून निघालेल्या नोटा त्यांनी टेबलावर ठेवल्या. पावतीबाईंनी, त्या ठरवून आल्या होत्या तसा, आधी हात पुढे केला नाही, आणि मग केला. त्यांना त्या क्षणी पोरांचे पडलेले चेहरे आणि भोपळ्याचे लाल कान डोळ्यांसमोर आले. त्यांनी नोटा घेतल्या, पावतीपुस्तक काढलं, पूर्ण रक्कम मांडली, तारीख घातली, सही केली आणि पावती फाडून मावशींच्या हातात दिली.

“मिळाली,” मावशी समाधानाने म्हणाल्या आणि पावती उशीखाली सरकवली.

“मावशी, माझ्याकडून मात्र...” पावतीबाईंनी सुरुवात केली. कितीतरी दिवस जुळवलेलं वाक्य होतं. ऑफिसात जुळवलं होतं, रस्त्यात जुळवलं होतं. “तुम्ही तेव्हा... मी परीक्षा देत होते, आणि तुम्ही...”

“हो, आठवतंय. पास झालीस तेव्हा पळत सांगायला आली होतीस. त्या दिवशी मात्र लवकर आली होतीस. चिमणी झोपलीच होती, तर मी म्हटलं, बस जरा. तू म्हणालीस, वेळ नाही.”

भिंतीवरच्या घड्याळात सहाचे टोले पडले. पावतीबाई सवयीने उठल्या आणि पर्स खांद्याला लावली.

“का गं? घरी कोणी वाट बघतंय?”

पावतीबाईंनी विचार केला. “नाही. कोणी नाही.”

“मग बस की जरा. आता कसली घाई तुला?”

खुर्ची मावशींनी घेतली होती. उरलं होतं ते भिंतीलगतचं बुटकं बाक. पावतीबाई त्यावर बसल्या. गुडघे हनुवटीपर्यंत आले, पर्स मांडीवर घट्ट धरलेली, तोंड दाराकडे. बाकाची कड मुलांच्या हातांनी गुळगुळीत झाली होती.

मावशी भिंतीचा आधार घेत दाराशी गेल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

गल्लीच्या कोपऱ्यावरून तो दिवा पावतीबाईंनी शेकडो वेळा पाहिला होता, धावताना, घामेघूम होऊन. आतून पहिल्यांदाच पाहत होत्या. आतून तो मुळीच एवढासा दिसत नव्हता. ओट्यावर, पायरीवर आणि पार रस्त्यापर्यंत त्याचा उजेड पसरला होता.